न हलणाऱ्या मालाची यादी

१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाईंनी काउंटरमागच्या फळीकडे हात नेला आणि तो रिकामाच परत आला. पंपांच्या बिघाडाचं रजिस्टर जागेवर नव्हतं.

बाई म्हणजे स्टोअरच्या बाई. त्यांच्या हाताखाली अकरा हजार चारशे पेट्या होत्या, आणि त्यातली कुठलीही पेटी डोळे मिटून काढून देईन असं त्या म्हणत. एकदा एका नव्या साहेबांनी ते खोटं मानून पैज लावली होती. पैज हरल्यावर साहेब आठवडाभर स्टोअरकडे फिरकले नाहीत.

संस्था होती सैन्यासाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवणारी. वस्तू विकत घेणं सोपं, ती पुढे तीस वर्षं चालती ठेवणं अवघड, एवढी एकच गोष्ट इथे सहा महिने निरनिराळ्या तऱ्हेनं शिकवत. सुटे भाग किती लागतील, ते कुठे ठेवायचे, दुरुस्ती कोण करणार, त्या दुरुस्ती करणाऱ्याला कोण शिकवणार, आणि वस्तू म्हातारी झाली की तिला निरोप कसा द्यायचा. शिकणं खोटं खोटं होऊ नये म्हणून स्टोअर आणि कार्यशाळा खरीखुरी होती. आसपासच्या तुकड्यांचे पाणी शुद्ध करणारे बारा पंप इथेच दुरुस्तीला येत. कुठला पंप कधी आणि कशानं बंद पडला, हे मिस्त्री आपल्या किरट्या अक्षरात त्या रजिस्टरमध्ये लिहीत. ती नोंद दुसरीकडे कुठेही नव्हती.

"बाई, काल चारला मी ते इथेच ठेवलं होतं," काउंटरच्या पलीकडून कॅप्टन म्हणाली. या वर्षीच्या शिकणाऱ्यांत ती सगळ्यात लहान. एरवी तिचा आवाज खणखणीत असे, आत्ता तो पार उतरला होता.

"ठेवलं होतंस, मी पाहिलंय. आणि साडेपाचला कुलूप लावताना मी फळीकडे पाहिलं नाही, ही माझी चूक. आकडे उतरवून घेतलेस ना?"

"नुसती बेरीज. एकतीस. बारा पंप, दोन वर्षं, एकतीस वेळा सील गेलं. कंपनी म्हणते एक सील पाच वर्षं टिकतं."

सील म्हणजे पंपातली गळती अडवणारं रबरी कडं; ते गेलं की पंप बसला. मोबाइल फाटकावरच ठेवून यावा लागे, त्यामुळे फोटोचा प्रश्न नव्हता. आणि आज तीन वाजता कॅप्टनला तो आकडा समितीपुढे मांडायचा होता. हाच पंप आणखी वीस वर्षं ठेवायचा की नाही, याची शिफारस आज व्हायची होती. शिकणाऱ्यांचा अभ्यास खऱ्या समितीपुढे जाण्याची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात संचालक आले. माणूस भला, पण नियमाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं आणि कॅप्टनकडे वळले. "तीन वाजेपर्यंत रजिस्टर टेबलावर हवं. नाहीतर आकडा मागे घेतल्याचं लिहून दे. आणि दोन्ही झालं नाही, तर आकडे बनवले असा अर्थ निघेल. मग कोर्समधून नाव काढावं लागेल. मला वाईट वाटेल, पण काढावं लागेल."

"मी मागे घेणार नाही, सर."

"का?"

"मी त्या पंपावर राहिलेय. चौकीवर दोन होते, एकाच आठवड्यात दोन्ही बसले. टँकर यायला अकरा दिवस लागले. आम्ही भांडी वाळूनं घासली आणि आजारी माणसाला मोजून पाणी दिलं. खोटं लिहून देऊन मी त्या चौकीवर परत कशी जाऊ?"

संचालकांनी मान हलवली आणि ते निघून गेले. जाताना मात्र हुकूम सोडून गेले की चौकशी होईपर्यंत स्टोअरमधून खिळासुद्धा बाहेर जाता कामा नये.

बाईंनी घड्याळात पाहिलं. साडेनऊला दोन मिनिटं कमी होती.

२

बाईंनी आधी फाटक गाठलं. फाटकावरचा हवालदार बाईंच्याच तालमीतला, म्हणजे जेवणाचा डबासुद्धा उघडून बघणारा. रजिस्टर ताटाहून मोठं आणि विटेएवढं जाड. काल ते फाटकातून गेलेलं नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता.

स्टोअरचं दारही एकच. तिथल्या पहारेकऱ्याच्या वहीत काल चार ते साडेपाच या वेळात आत आलेल्यांच्या तीन सह्या होत्या. तिघंही रिकाम्या हातांनी बाहेर पडले, असं तो शपथेवर सांगायला तयार होता. नेमकं सव्वाचार ते पाच मुख्यालयाचा फोन आल्यामुळे बाई मागच्या खोलीत अडकल्या होत्या. तेवढ्या वेळात कुणालाही फळीवरून रजिस्टर उचलता आलं असतं.

म्हणजे रजिस्टर आतच होतं, अकरा हजार चारशे पेट्यांपैकी एकीत. मिनिटाला एक पेटी उघडली तरी समिती उठून घरी जाऊन पेन्शनीत निघाली असती. पेट्या उघडत बसण्यापेक्षा माणसं उघडावीत, असं बाईंनी ठरवलं.

तीन सह्यांपैकी पहिली मेजरची. कॅप्टनच्याच वर्गातला, पहिल्या नंबरासाठी जीव टाकणारा. दुसरी पंपाच्या कंपनीच्या प्रतिनिधींची. तिसरी सही पाहून मात्र बाईंनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि पुन्हा तीच सही पाहिली. ती सरांची होती.

सर म्हणजे कोर्सचे मुख्य प्राध्यापक. संस्थेच्या आवारात बाई त्यांना सर म्हणत. आवाराबाहेर ते भाऊजी होते, बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाईंचे यजमान गेले, तेव्हा दोन लहान मुली पदरात असलेल्या मेहुणीसाठी या नोकरीचा अर्ज त्यांनीच आणला होता आणि समोर बसून भरून घेतला होता. बाईंना त्यांच्याविषयी माया होती, आणि ती माया बाजूला ठेवून काम करायला त्यांनीच बाईंना शिकवलं होतं.

स्टोअरमध्ये परत येऊन बघतात तो काउंटरवर मिस्त्री कोपर टेकून उभे. "बाई, जनरेटरची सील द्या चार."

"आज काही मिळणार नाही. हुकूम आहे."

"मग आज सकाळी आलेले ते दोन पंप टेबलावर आतडी काढून पडलेत, ते तसेच राहू देत का?"

"राहू देत. उद्या या."

"उद्या या, परवा या. दवाखान्यात असं सांगतात का कुणी?" मिस्त्री पुटपुटत निघून गेले. बाईंच्या डोक्यात वेगळंच चक्र चालू होतं, त्यामुळे ते काय बोलून गेले याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ही त्यांची दुसरी चूक.

चक्र असं होतं. लपवणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात. पेटी पटकन उघडणारी हवी, आणि नंतर ती दुसऱ्या कुणी उघडायला नको. अशा पेट्यांची संस्थेत एक यादीच होती. जो माल वर्षानुवर्षं कुणी मागत नाही, त्या न हलणाऱ्या मालाची यादी. खरेदीचा अंदाज कसा चुकतो हे शिकवायला ती वर्गात वापरत. शिकणाऱ्यांना दर वर्षी ताजी यादी मिळे, आणि शहाणा माणूस लपवायची जागा तिच्यातूनच निवडणार होता.

प्रश्न एवढाच होता की यादीतल्या साठ नावांपैकी कुठलं. त्याचं उत्तर त्या तिघांपैकी एकाच्या पोटात होतं, आणि ते सरळ विचारून बाहेर येणार नव्हतं. बाईंनी एक थाप रचली. अगदी साधी, पण आतून पक्की.

३

मेजर अभ्यासिकेत सापडला. समोर कागदांचा ढीग, कानावर पेन्सिल.

"काल आत कशाला आला होतात?"

"रॅकची उंची मोजायला. माझ्या आराखड्यात नवी मांडणी आहे. बाई, लोक काय बोलतायत ते मला ठाऊक आहे. ती पडली की मी पहिला. पण अशानं पहिला येऊन घरी काय सांगू? माझी बायको मला पुरती ओळखते, दारातच विचारेल की कुणाचा पाय ओढलास म्हणून."

बाईंना हसू आलं. त्यांनी थाप पुढे सरकवली. "बरं, एक मदत करा. दुपारी नवा माल येतोय आणि मला एक कप्पा रिकामा हवाय. कुठला माल भंगारात काढू?"

मेजरनं या वर्षीची यादी ओढली आणि पहिल्याच नावावर पेन्सिल ठेवली. "वायरलेसच्या जुन्या पेट्या. रॅकची चौथी ओळ. चौदा वर्षांत कुणी मागितल्या नाहीत. अजून ठेवल्यात कशाला, तेच मला कळत नाही."

बाईंनी यादी पाहिली. पहिलं नाव तेच होतं.

कंपनीचे प्रतिनिधी पाहुण्यांच्या खोलीत होते. पांढरे शुभ्र बूट, तोंडात साखर. बाईंना पाहताच उठून उभे राहिले आणि खुर्ची पुसून दिली.

"माझ्यावरच संशय ना? असायलाच हवा. तुमच्या जागी मी असतो तर मीच मला आधी धरलं असतं."

"मग सांगा ना, घेतलंत का?"

"बाई, विचार करा. रजिस्टर नसलं तर ती मुलगी हरते. रजिस्टर असलं तर मी म्हणणार, पंप चांगला आहे, तुमच्या मिस्त्रींनी नीट वापरला नाही. शिवाय संगणकावर आमच्या सीलची मागणी दोन वर्षांत शून्य आहे. शून्य. सील जात असतील तर नवी कुणी मागवली कशी नाहीत? मला काहीही चोरायची गरज नाही."

त्यांचं ते शून्य बाईंना टोचलं. खोटं नव्हतं ते. पंपाच्या सीलची एकही चिठ्ठी गेल्या दोन वर्षांत काउंटरवर आली नव्हती. मग एकतीस वेळा सील बदललं कशानं? कॅप्टन चुकली तर नसेल? 

तरी त्यांनी थापेचा प्रश्न विचारला. प्रतिनिधी हसले. "तुमचं स्टोअर मला काय ठाऊक? नमुन्याचा खोका दुसऱ्या ओळीत ठेवला आणि निघालो. काढायचाच असेल तर आमच्या स्पर्धकांचा माल काढा, मी स्वतः उचलू लागतो."

राहता राहिले सर.

४

वर्ग सुटला होता. सर फळा पुसत होते. चौथा धडा नुकताच संपला होता, आणि फळ्यावर अर्धवट पुसलेलं पंपाचं चित्र अजून दिसत होतं. चौथा धडा म्हणजे 'उत्तम खरेदीचा नमुना'. बारा वर्षांपूर्वी हा पंप निवडणाऱ्या समितीत सर होते, आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडीला ते हा धडा शिकवत आले होते. मुलं म्हणत, सरांना त्या पंपाचं कौतुक सख्ख्या लेकासारखं आहे.

"काल आत आला होतात, सर?"

"हो, पंपाचा कापून ठेवलेला नमुना बघायला. वर्गासाठी. तासभर होतो." ते डस्टर झटकत म्हणाले. "मिळालं का रजिस्टर?"

"नाही अजून. तुमच्याकडे आले ते दुसऱ्याच कामासाठी. दुपारी माल येतोय, एक कप्पा मोकळा करायचाय. कुठला करू?"

सरांनी टेबलावरची फाइल उघडली. आतली यादी वापरून वापरून मऊ पडली होती, कडा पिवळ्या झाल्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, यादीवर बोट ठेवलं आणि क्षणभर थांबून म्हणाले, "जुन्या ट्रकच्या काचा. आठवी ओळ. त्या काढ."

आयुष्यभर काउंटरच्या पलीकडून चिठ्ठ्या वाचून बाईंना उलटी अक्षरं सुलट्यासारखीच दिसत. ट्रकच्या काचा त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होत्या. बोट पहिल्या नावावर टेकलं होतं, तिथून हलून दुसऱ्यावर गेलं होतं. पहिलं नाव होतं, जनरेटरची सील, सहावी ओळ, तिसरा कप्पा.

"ही यादी कधीची हो, सर?"

"असेल तीन-चार वर्षांपूर्वीची. माल तोच, यादी तीच. का गं?"

"सहज," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. 

त्यांची थाप एवढ्यासाठीच होती. कप्पा रिकामा होणार म्हटल्यावर चोर आपली जागा सोडून बाकी कुठलीही सांगणार. मेजरनं आपल्या यादीतलं पहिलं नाव बेधडक सांगितलं. प्रतिनिधींना यादीच माहीत नव्हती. सरांनी मात्र पहिलं नाव वाचलं, गिळलं आणि दुसरं सांगितलं.

पावणेदोन वाजले होते. बाई स्टोअरकडे चालू लागल्या, आणि आपलं चुकावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं.

५

सहावी ओळ, तिसरा कप्पा. जनरेटरच्या सीलच्या सहा पेट्या. पहिल्या दोन अर्ध्याहून रिकाम्या होत्या. बाईंनी तळाची, भिंतीकडची पेटी ओढली. ती भलतीच जड होती. झाकण काढलं, सीलची वरची पाकिटं बाजूला केली, आणि खाली रजिस्टरची निळी पाठ दिसली.

त्याच वेळी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या हातात काय काय आहे. पहिल्या दोन पेट्या रिकाम्या होत आल्या होत्या. न हलणारा माल हलला होता. तो मिस्त्रींनी हलवला होता, दोन-चार सीलच्या चिठ्ठ्या देऊन. आणि जनरेटर? ते तर नऊ वर्षांपूर्वीच भंगारात गेले. त्यांच्या शेडमध्ये आता लोक सायकली लावत होते. बाई स्वतःच्या सायकलीला रोज तिथेच कुलूप घालत, आणि आत येऊन त्याच जनरेटरांची सील मिस्त्रींना द्यायच्या. बाईंनी कपाळावर हात मारला. कंपनीचं सील टिकत नाही म्हटल्यावर मिस्त्रींनी मापात बसणारं जुनं सील शोधून काढलं होतं आणि पंप चालते ठेवले होते. संगणक भोळा, त्यानं ती सगळी जनरेटरच्या नावावर टाकली. पंप कागदावर ठणठणीत राहिला.

म्हणून शिकणाऱ्यांच्या ताज्या यादीत जनरेटरची सील नव्हतीच. ती फक्त सरांच्या जुन्या यादीत होती.

मागून ओळखीचा खोकला आला.

सर रॅकच्या टोकाशी उभे होते. पळायला नव्हते आले. चेहऱ्यावरून ते रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "यादीवरून ना?"

"बारा वर्षं मुलांना सांगता, माहिती शिळी झाली की ती खोट्यापेक्षा वाईट. आणि स्वतः जुनी यादी घेऊन लपवायला गेलात. पंपाची सील ज्या पेटीतून जातात नेमक्या त्याच पेटीत पंपाचं रजिस्टर. हुकूम आडवा आला नसता तर मिस्त्रींच्या चिठ्ठीनं मी आज सकाळीच या कप्प्यासमोर उभी असते." बाईंना राग आला होता, आणि रागाच्या खाली रडू होतं. "का केलंत, भाऊजी?"

ते खालच्या पेटीवर बसले. "तिचा आकडा खोटा आहे हे बघायला आलो होतो. रजिस्टर उघडलं आणि वाचत गेलो. इथेच, या रॅकच्या आड, उभ्यानं. वाचून झालं तेव्हा ते फळीवर परत ठेवायला हातच पुढे होईना. बारा तुकड्या गं. बारा तुकड्यांना मी सांगितलं की खरेदी असावी तर अशी. एवढी आजची समिती होऊन जाऊ दे, मग गुपचूप ठेवू, असं वाटलं. फाडायचं मनातही आलं नाही, एवढं खरं मान."

"आणि तिचं काय?"

"आकडा मागे घेईल, संपलं. लहान आहे, पुढे खूप संधी मिळतील."

"ती मागे घेत नाहीये. संचालक तीन वाजता तिचं नाव काढणार आहेत."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

बाईंनी रजिस्टर छातीशी धरलं. "हे मी तीन वाजता टेबलावर ठेवणार. कुठे मिळालं ते सांगणार. कुणी ठेवलं ते तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर विचारल्यावर मी सांगेन. माया बाजूला ठेवून काम करायचं, हे तुम्हीच शिकवलंय." आणि त्या तिथून निघाल्या.

६

तीन वाजता समितीच्या खोलीत सरांची खुर्ची रिकामी होती.

कॅप्टननं छान मांडलं. पाण्याविना काढलेले अकरा दिवस तिनं चार वाक्यांत सांगितले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात ३१ लिहिलं. बाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि ते सहाव्या ओळीतल्या पेटीत सापडल्याचं सांगितलं. कॅप्टननं सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत प्रतिनिधी उठले.

"माफ करा. हे रजिस्टर काल संध्याकाळपासून गायब होतं. तेवढ्या वेळात कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, सांगता येईल? कुणाच्या हातात होतं ते माहीत नसलेला कागद मी कसा मानू? आणि सील एकतीस वेळा गेली तर ती बदलली कशानं?"

"ते मी सांगते," बाई म्हणाल्या, आणि मिस्त्रींच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी पुढे सरकवला. भंगारात गेलेल्या जनरेटरची सील पंपांत कशी गेली ते सांगितलं. खोलीतल्या माना हलू लागल्या. दाराशी उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "मापात बसतात, साहेब, आणि टिकतातही."

"किती सील दिलीत?" संचालकांनी विचारलं.

बाईंनी आत्ताच बेरीज केली होती आणि तीच त्यांना खात होती. कार्यशाळेत शिल्लक एकही सील नव्हतं. "चौतीस."

प्रतिनिधींना आयतं कोलीत मिळालं. "रजिस्टर एकतीस म्हणतं, चिठ्ठ्या चौतीस म्हणतात. दोन्ही तुमचेच कागद. खरा कुठला? मुलीनं बेरीज तरी केली होती का?"

कॅप्टनचा चेहरा पांढरा पडला. ती घाईघाईनं रजिस्टरची पानं उलटू लागली. संचालकांनी पेन उचललं आणि समोरचा कागद ओढला. त्या कागदावर कॅप्टनचं नाव होतं.

"चौतीसच," दारातून आवाज आला.

सर आत आले. बसले नाहीत. "बाईंच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत. मिस्त्री जागा संपली की शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहितात. पेन्सिलनं. तीन नोंदी तिथे आहेत. या मुलीच्या त्या नजरेतून सुटल्या."

कॅप्टननं पुठ्ठा उलटला. तीन ओळी होत्या. तारखांसकट.

"तुम्हाला कसं माहीत?" प्रतिनिधींनी विचारलं.

"काल रजिस्टर मीच उचललं आणि मीच लपवलं. लपवण्याआधी तीनदा मोजलं. आकडा कमी निघावा म्हणून मोजत होतो, प्रत्येक वेळी चौतीसच निघाला. काल साडेपाचपासून आज दुपारपर्यंत ते बंद पेटीत होतं. कुणी काही लिहिलं नाही, खोडलं नाही. बारा वर्षांपूर्वी या पंपाच्या शिफारशीवर पहिली सही माझी आहे, त्यामुळे याच्याविरुद्ध माझ्याहून बरा साक्षीदार तुम्हाला मिळायचा नाही." ते कॅप्टनकडे वळले. "तू कमी मोजलंस. बाकी सगळं बरोबर आहे. मला माफ कर."

संचालकांनी कॅप्टनचं नाव असलेला कागद उभा आडवा फाडला. पंपाची शिफारस थांबवली. प्रतिनिधींना सांगितलं की आता येताना टिकणारं सील घेऊन या. सरांकडून लेखी जबाब घेतला आणि चौकशी संपेपर्यंत वर्गावर जायचं नाही असं बजावलं. सरांनी मान हलवली. कॅप्टन फळ्यापाशी गेली, ३१ पुसलं, ३४ लिहिलं आणि आपल्या जागेवर येऊन ताठ बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही.

पाच वाजता सर फाटकाकडे निघाले तेव्हा बाई सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालू लागल्या.

"तू कुठे?"

"तुमच्याकडे. ताईला सांगायचं आहे ना."

"ते मी सांगेन. तू कशाला?"

"आधी ती तुमच्यावर ओरडेल, मग तुम्हाला पकडून दिलं म्हणून माझ्यावर. दोघं असलो की निम्मं निम्मं येईल वाट्याला."

भाऊजींनी बाईंच्या हातातून सायकल घेतली आणि ती ढकलत घराच्या रस्त्याला लागले.